गडावर जाणारं कणीस

माय, मागच्या मंगळवारी सकाळी मी शेतावरच्या खोलीत टेबलावर दोन कणसं ठेवली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. दोन्ही तुझ्या मक्याची. एक त्यातल्या त्यात भरलेलं, दुसरं मधेमधे दाणे सुटलेलं, पडक्या दातांच्या तोंडासारखं. तुझ्या मक्याचं यंदा एवढंच उरलं होतं. मागे राखून ठेवलेल्या जुन्या पाकिटातले बरेच दाणे या वेळी उगवले नाहीत, आणि जे उगवले त्यातलं बरंचसं लष्करी अळीनं खाल्लं. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे लिहून कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहितो, कारण त्या दोन कणसांकडे बघताना मला तुझं अंगण दिसत होतं.

रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी आपलं घर, मागे वाडी, वाडीत धानाच्या बांधापलीकडे मक्याच्या दोन-चार ओळी. मका वाळला की तू सगळी कणसं अंगणात पसरायचीस आणि त्यांच्यामध्ये बसायचीस. एक उचलायचं, वजन बघायचं, अंगठा फिरवायचा, ठेवायचं, दुसरं उचलायचं. चूल थंड पडलेली असायची आणि बाबा ओट्यावर बसून चिडलेले असायचे. शेवटी सगळ्यात देखणं कणीस तू बाजूला काढायचीस. ते गडावर देवाला जाणार. त्याच्या खालची चार-सहा बियाला, सालांची वेणी घालून चुलीवरच्या आढ्याला, धुरात. बाकीची आपल्याला.

बाबा दर वर्षी तेच म्हणायचे. "देवाले का दात हायेत वं, एवढं मोठं कणीस न्याले?"

"तुम्हाले तरी कुठी राह्यले आता?"

"अवं, चांगलं बियाले ठेवाव माणसानं. देवाच्या नावानं तू वानरं पोसून राहिली. तू पाठ फिरवली का ते घेऊन पळते."

"पळू द्या. त्याचीच वानरं हायेत."

मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. मी विचारलं, "माय, देवाले कसं समजते कोणतं मोठं हाय ते?" तू कणसावरून नजर न काढता म्हणालीस, "त्याले नाही समजत. मले समजते." आणि मग मला रागावलीस, की इथे बसून तोंड चालवण्यापेक्षा पाणी आण. पाणी आणताना आणि नंतर कितीतरी वर्षं मी त्या वाक्यावर विचार केला आहे.

आता माझं मका-संशोधनाचं काम ऐक. तुला ते विचित्र वाटेल. मक्याच्या डोक्यावर तुरा असतो, त्यातून धूळ पडते. खाली कणसाला रेशीम सुटतं, त्यावर ती धूळ बसली की दाणा धरतो. तुझ्या वाडीत हे काम वारा करायचा, या झाडाची धूळ त्या झाडावर. आम्ही वाऱ्याला मधे येऊ देत नाही. रेशीम बाहेर पडायच्या आधी कणसावर कागदी पिशवी, तुऱ्यावर दुसरी पिशवी. सकाळी दव सुकलं की तुरा पिशवीत झटकायचा आणि त्याच झाडाची धूळ त्याच झाडाच्या रेशमावर टाकून पुन्हा झाकायचं. पुढच्या हंगामात त्या दाण्यांवर परत तेच. असं पिढ्यानपिढ्या. तू गेल्यावर आढ्याची वेणी मी नागपूरला आणली आणि कामाच्या प्लॉटच्या कडेला, वरिष्ठांना विचारून, तुझ्या मक्याची एक ओळ अशीच धरली.

मग जे दिसलं ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं होतं. दर पिढीला झाडं बुटकी होत गेली. काही रोपं पांढरीफटक उगवली आणि आठवड्यात मेली. काहींना कणीसच नाही, काही वाकडी. आमच्याकडे पिशव्या बांधायला येणारी एक वयस्क बाई आहे, तिनं एकदा ओळीत उभं राहून हाक मारली, "साहेब, या मक्याले काही खाऊ घाला जी! उपासानं मरून राह्यला बिचारा."

"खत सगळ्यांना सारखंच दिलंय, बाई."

"मंग भूत लागलं असन."

मला आजही नवल वाटतं ते हे, की ही वाकडी, पांढरी, वांझ झाडं तुझ्या वाडीत कुठे होती? तुझा मका तर मी बांधावर उभा राहिलो की डोक्यावरून जायचा. म्हणजे ते दोष तेव्हाही आतच होते. शेजारच्या झाडाची धूळ येत होती, त्यात झाकून जात होते. आम्ही वारा बंद केला आणि एकेक उघडं पडलं. जे त्यातून तगलं ते मात्र शेवटी स्थिर झालं, सगळी झाडं एकसारखी, सगळी खुजी. मग मागच्या वर्षी दुसऱ्या एका तशाच खुज्या ओळीची धूळ मी तुझ्या मक्यावर टाकली. त्या संकराचा मका या हंगामात माझा हात पोचणार नाही एवढा वाढला. दोन अशक्त झाडांच्या पोटी हे येतं कुठून? पुस्तकात याचं उत्तर आहे, एकापेक्षा जास्त आहेत, आणि मला त्यातलं एकही पूर्ण पटत नाही. पिशवी काढण्यापूर्वी माझे हात आपोआप जोडले जातात, ते त्यामुळेच असेल.

तू गेल्यापासून गडावर कणीस गेलं नाही. दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी प्रत्येक दाणा बियाला लागायचा. म्हणजे इतकी वर्षं मी बाबांच्या बाजूनं होतो. यंदा वाटलं, संकराच्या मक्यातलं नेऊ. दुसऱ्या दिवशी त्या प्लॉटमध्ये गेलो आणि तुझ्यासारखं निवडायला लागलो. साल सोलून बघितलं, दुसरं सोललं, तिसरं. बाई हसायला लागली. "का शोधून राहिले जी? सारेच सारखे हायेत." खरंच होतं. त्या प्लॉटमध्ये सगळ्यात चांगलं असं काही नाही. आणि त्यातलं एक दिल्यानं कोणाचं काही जाणारही नव्हतं.

मग टेबलावरची दोन राहिली. आमच्या शास्त्राप्रमाणे त्या दोघांचं रक्त एकच आहे. भरलेलं दिलं काय आणि पडकं दिलं काय, वाण तोच राहतो. फरक फक्त दाण्यांचा. पण पडक्या कणसाचे मोजके दाणे उगवले नाहीत, तर तुझा मका संपला, आणि त्याच्यासोबत तो संकरही, कारण तो दर वर्षी नव्यानं तुझा मका आणि ती दुसरी खुजी ओळ, या दोघांतूनच करावा लागतो. मी वरिष्ठांकडे गेलो. भरलेलं कणीस गडावर नेतो म्हणालो. "अहो, देवाला बाजारातला भुट्टा द्या ना!" मी दोन्ही कणसं त्यांच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही जगवलंय, तुम्हीच ठरवा. दुसरं मात्र आजच्या आज शीतगृहात."

पडकं कणीस शीतगृहात ठेवलं. शनिवारी भरलेलं रुमालात गुंडाळून रामटेकची बस धरली. आता वरपर्यंत गाड्या जातात, मी पायऱ्यांनी चढलो. आणि माय, अर्ध्या वाटेवर बसलो आणि कणसाच्या बुडातले चार-पाच दाणे अंगठ्यानं काढून खिशात टाकले. एवढ्यानं काय होतं, असं वाटलं.

कणीस देवाच्या पायरीशी ठेवलं, डोकं टेकलं, बाहेर आलो तर भिंतीवर वानर ते घेऊन बसलेलं. बाबा खरं बोलत होते. दाणा दाणा काढून, फार नीट, ते खात होतं. मला हसू आलं. मग त्या बुडाच्या मोकळ्या जागेकडे माझं लक्ष गेलं. देवाला ते कळलं नसेल, वानरालाही नाही.

मी खिशातले दाणे काढून भिंतीवर ठेवले आणि मागे सरकलो.