तीन लिहिलेले पाच किलो

१९ जानेवारी

प्रिय कोचताई,

नमस्कार. हे संबोधन कोणत्याही शब्दकोशात नाही, म्हणून वर्गात मी ते एकदाही उच्चारले नाही. बाकीचे अकरा जण मात्र तुम्हाला याच नावाने हाक मारत, आणि आज मला दुसरे सुचत नाही. तुमचे कुशल विचारण्याचा अधिकार सध्या माझ्याकडे नाही. तो परिच्छेद वगळून वस्तुस्थिती क्रमाने मांडते.

एक. तीन नोव्हेंबरपासून तुम्ही सभागृहात साठीपुढील लोकांसाठी हिवाळी व्यायामवर्ग चालवत होता. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी नऊ ते दहा. बारा खुर्च्या. चौथ्या खुर्चीवर मी, पाचवीवर माझी थोरली बहीण, अक्का.

दोन. वर्गातील लोखंडी डंबेल्सना तुम्ही रंगीत कापडी पट्ट्या गुंडाळून त्यांवर पांढऱ्या शाईने आकडे लिहिले होते. एकोणीस डिसेंबर रोजी, वर्ग सुरू होण्यापूर्वी, मी घरचा काटा नेऊन ती सर्व तोलली. 'दोन' लिहिलेले तीन किलो भरले, 'तीन' लिहिलेले पाच.

तीन. त्याच दुपारी मी सभागृहाच्या समितीच्या सचिवांकडे दोन पानांची लेखी तक्रार दिली.

चार. बावीस डिसेंबरला समितीने तुम्हाला काढून टाकले. तेव्हापासून सभागृहाला कुलूप आहे.

पाच. तक्रारीतील प्रत्येक विधान खरे होते.

चौतीस वर्षे मी वजनमाप प्रयोगशाळेत काढली, त्यांतील अखेरची नऊ प्रमुख म्हणून. चौकशीत टिकणारी विधाने कशी लिहावीत, हे मला कोणी शिकवू नये. परंतु हे पत्र परवा तिसऱ्यांदा फाडताना लक्षात आले, की विधाने मी नेटकी लिहिली आणि त्यांच्यामधली जागा कोरी सोडली. ती आता भरते.

मी काटा का नेला, हे दुसऱ्या मुद्द्यात नाही.

अठरा डिसेंबरला मी बाजारपेठेतल्या खेळसाहित्याच्या दुकानात गेले. घरीही सराव करावा या विचाराने तीन किलोंची जोडी मागितली. दुकानदाराने ती काउंटरवर ठेवली. मी एक उचलले, तर हात रिकामा डबा उचलावा तसा झटक्यात वर गेला.

"हे तीन किलो नाही," मी म्हणाले.

"बाई, छापलंय ना त्याच्यावर."

"छापलेले मलाही वाचता येते. वजन कमी आहे. तुमचा माल तपासते कोण?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. ती माझ्याकडे वळून पाहू लागली. दुकानदाराने डंबेल काट्यावर ठेवले. तीन किलो. मी त्याच्या काट्यावर शंका घेतली. त्याने शेजारच्या किराणा दुकानातून दुसरा काटा आणवला. तीन किलो.

"अजून एक आणू का?" तो म्हणाला. "पुढच्या गल्लीत सोनार आहे. त्याचा काटा फार बारीक असतो."

गिऱ्हाइके हसली. मी जोडी न घेता बाहेर पडले.

प्रयोगशाळेत माझ्या हाताची ख्याती होती. डोळे मिटून दोन वजनांतला दहा ग्रॅमचा फरक मी सांगत असे. नवे सहायक पैजा लावत आणि हरत. तोच हात महिनाभर पाच किलो उचलत होता आणि तीन समजत होता, कारण पट्टीवर तसे लिहिले होते. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी हातमोजे खिशातच ठेवले. शून्याखालच्या थंडीत, हाताला शिक्षा म्हणून. अडुसष्ट वर्षांच्या बाईने हे करावे आणि वर लिहूनही कळवावे, याची मला पूर्ण लाज आहे.

तक्रारीत मी 'ज्येष्ठांच्या जिवाशी खेळ' असे शब्द योजले. सचिवांना ते इतके आवडले, की त्यांनी ते समितीसमोर दोनदा वाचले. त्या दिवशी मला कोणाच्याही जिवाची काळजी नव्हती. दुकानात माझे हसे झाले होते आणि त्याची भरपाई मी तुमच्याकडून करून घेतली. पुढे लिहिते.

चौथा मुद्दा कुलपापाशी थांबतो. कुलपानंतर काय झाले, ते असे.

नोव्हेंबरात अक्काला खुर्चीतून उठवायला माझे दोन्ही हात लागत. मी ओढायची आणि ती म्हणायची, "अगं, विहिरीतून काढतेस का मला!" बारा डिसेंबरला ती हातांची घडी छातीशी घालून, कोणाचाही आधार न घेता, सरळ उभी राहिली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. पोस्टमनकाका ओरडले, "दार लावा रे, आता या पळून जातील!" अक्का लाजली, पुन्हा बसली आणि केवळ मौजेखातर पुन्हा उठली. मी काय म्हणाले, ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "पाठ वाकली होती."

आता सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरते. रस्ता निसरडा असतो, म्हणून अक्का बाहेर पडत नाही. बाहेर पडत नाही, म्हणून गुडघे आखडतात. आखडलेल्या गुडघ्यांनी ती शेगडीजवळच्या खुर्चीत बसते आणि दुपार होईपर्यंत तिथेच असते. गेल्या आठवड्यापासून तिला उठवायला पुन्हा माझे दोन्ही हात लागतात. विहिरीचा विनोद मात्र ती आता करत नाही.

मी घरी तिचा सराव घेऊन पाहिला. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "तू नको शिकवूस. तू शिकवत नाहीस, तपासतेस."

मी तिला तक्रारीमागचे तत्त्व समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "तुला खरं वजन कळलं. मला मात्र बाथरूम लांब झालं."

त्यानंतर आमच्या घरात 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' यांपलीकडे संभाषण नाही.

आता तुमच्या वहीविषयी. सभागृहाची साफसफाई करणाऱ्या बाईंकडून किल्ली घेऊन मी मंगळवारी अक्काची तिथे राहिलेली उशी आणायला गेले. कपाटात उशीखाली तुमची निळी वही होती. दुसऱ्याची वही वाचू नये, हे मला ठाऊक आहे. मी ती उभ्यानेच सगळी वाचली.

प्रत्येकाचे स्वतंत्र पान. डॉक्टरांनी काय सांगितले, रक्तदाब किती, औषध कोणते, कोणत्या तारखेला किती वजन दिले. तेही खरे वजन, पट्टीवरचे नव्हे. पोस्टमनकाकांच्या पानावर 'छातीची शस्त्रक्रिया. खऱ्या तीनच्या वर मुळीच नाही' असे लाल शाईने लिहिलेले. याहून चोख नोंद मी माझ्या प्रयोगशाळेतही क्वचित पाहिली. म्हणजे 'जिवाशी खेळ' हे विधान असत्य होते. पाचवा मुद्दा मी मागे घेते.

मग माझे पान आले. त्यावर लिहिले होते: 'मॅडम. खरे पाच, पट्टी तीन. आकडा कळला की विचार करत बसतात, उचलत नाहीत.' आणि त्याखाली: 'चालताना डावीकडची भिंत शोधतात. कुठेतरी पडल्या आहेत. विचारायचे नाही, विचारले तर यायच्या थांबतील. डाव्या पायाचे व्यायाम सगळ्यांनाच दुप्पट द्यायचे.'

हे वाचून मी अक्काच्या खुर्चीवर बसले.

सव्वीस ऑक्टोबरला मी न्हाणीघरात पडले होते. पाऊण तास फरशीवर होते. मांडीत बळ नव्हते आणि धरायला काही नव्हते. भिंतीपलीकडे अक्का रेडिओ ऐकत होती. एक हाक पुरली असती. मी हाक मारली नाही. ती आली असती तर मला उचलायला वाकली असती, आणि मग दोघी तिथेच राहिलो असतो, हे एक कारण. दुसरे कारण असे, की मला त्या अवस्थेत कोणी पाहू नये. कशीबशी बादलीच्या आधाराने उठून बाहेर आले आणि फरशी घासत होते असे सांगितले. "एवढा वेळ?" ती म्हणाली, "मग चेहरा दिसत असेल तिच्यात." आठ दिवसांनी मी तुमच्या वर्गात नाव घातले आणि अर्जावर कारण लिहिले, 'बहिणीला सोबत'.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगण्याची गरजच नव्हती, असे आता दिसते.

महिनाभर अकरा माणसे माझ्यासाठी डावा पाय दुप्पट उचलत होती. मी एकदा सर्वांदेखत तुम्हाला जाब विचारला होता, की उजवा दहादा आणि डावा वीसदा, हा कोणता न्याय? तुम्ही म्हणालात, "माझं मोजण्यात चुकतं हो, मॅडम." मी म्हणाले, "मोजता येत नसेल त्याने शिकवू नये." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा डाव्या पायापासून सुरुवात केलीत.

गुरुवारी मी समितीपुढे उभी राहिले. तक्रार लेखी मागे घेतली. वही दाखवली, तुमच्या परवानगीविना, हेही नोंदवते. सचिव म्हणाले, "पण मॅडम, 'ताबडतोब काढा' हे तुमचंच वाक्य होतं."

"तेव्हा मी चुकले होते. तसे लिहून घ्या."

"काय लिहून घेऊ?"

त्यांना नीट ऐकू आले होते. मी पुन्हा सांगितले, सावकाश, म्हणजे त्यांना लिहिता यावे.

दोन फेब्रुवारीपासून वर्ग सुरू करण्यास समितीची हरकत नाही. अट एकच: शिकवायला तुम्ही असावे. ही अट मी घातली आहे. तुम्ही माझा फोन घेत नाही, ते योग्यच आहे. साफसफाईच्या बाईंकडून तुमचा निरोप मात्र मिळाला: 'मॅडमना सांगा, मी आता गोदामात खोकी उचलते. त्यांच्यावर वजन खरं छापलेलं असतं.' हा टोमणा मला बसला. तसाच तो उत्तम रचलेलाही आहे.

वजनांबाबत माझी भूमिका स्पष्ट असावी. खोटा आकडा मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. परंतु मंगळवारी मी पट्टी सोडून तेच पाच किलोंचे डंबेल उचलून पाहिले. चौथ्या वेळी हात थांबला. पट्टी होती तेव्हा तो बारा वेळा जात असे. या निरीक्षणाचे स्पष्टीकरण माझ्या शास्त्रात नाही, ते बहुधा तुमच्या विद्येत आहे. म्हणून सुचवते, की पट्ट्या राहू द्याव्यात आणि त्यांवर काहीच लिहू नये. जो विचारेल त्याला खरे वजन सांगावे. जो विचारणार नाही त्याला उचलू द्यावे.

मी विचारणार नाही.

क्षमा मागावी, असे अक्काचे म्हणणे आहे. तिला मी हे सर्व काल वाचून दाखवले, फरशीचा भागही. ती म्हणाली, "हाक मारायची होतीस, वेडे." मग तिने हात पुढे केला, मी तिला उठवले, आणि तिने स्वतः चहा ठेवला. तर क्षमा मागते. शब्द अपुरा आहे, पण अचूक आहे.

उत्तर सत्तावीस तारखेपर्यंत मिळावे आणि ते लेखी असावे. फोनवर मी वाद घालते. कागदाशी मला तसे करता येत नाही. पत्ता लिहून, तिकीट लावून लिफाफा सोबत ठेवला आहे. नकार सकारण असावा, ही माझी आयुष्यभराची अट. या वेळी ती नाही. 'येते' किंवा 'येत नाही', एवढेच लिहिले तरी चालेल. फक्त ते तुमच्या हातचे असावे. उत्तराचा लिफाफा मी उघडणार नाही. तो अक्काच्या खुर्चीपासून चार पावलांवर, टेबलावर ठेवीन. तो घ्यायला ती आपली आपण उठते का, हे मला पाहायचे आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली विद्यार्थिनी