जोडासकट बावीस कॅरेट

१८ सप्टेंबर १९९७, गुरुवार

आज दागिन्यांचा कारखाना पेटला असता. स्टोव्हची टाकी गळली आणि विरूपाक्षमामांच्या पाटाखाली रॉकेल पसरलं. वास मला दारातच आला. मामा त्याच्यावर बसलेले, हातात काडीपेटी! मी ओरडले तेव्हा थांबले.

"वास न्हाई आला का हो?" शेजारच्या पाटावरचे गुंडप्पा.

"नाक भूकंपातच ठिवून आलोय," मामा म्हणाले. सगळे हसले. मीही.

पण भूकंपाला चार वर्षं होतील. गेल्या दिवाळीत ह्याच मामांनी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी झाकण उघडायच्या आत ओळखली होती.

१९ सप्टेंबर

मामांच्या पुढच्या दातांच्या मुळाशी पिवळी कड आहे. तंबाखू खात नाहीत. विचारलं.

२१ सप्टेंबर, रविवार

नांदेडला जायचं होतं. गेले नाही. आईला फोनवर सांगितलं — काम आहे.

पुस्तक काढलं. कॅडमियम. वास येणं बंद होतं, दातांवर पिवळी कड येते, पुढे मूत्रपिंडं. तीन ओळी. एम.एस्सी.ला ह्या ओळी होत्या. परीक्षेला विचारत नाहीत, म्हणून सोडल्या होत्या.

२२ सप्टेंबर

नीट लिहून ठेवते.

भूकंपानंतर ढिगाऱ्यांतून निघालेलं सोनं मोडीला आलं. शेटनी — रेणुकादासशेटनी — मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अकरा बोरमाळा वितळवल्या. आपल्याच दुकानच्या. बावीसची एक निघाली नाही. आणि समोर बाया बसलेल्या, घरं गेलेल्या. कसं तोंड दाखवायचं, सांगा!"

सोनं कुणी चोरलं नव्हतं. बोरमाळेचा मणी म्हणजे दोन वाट्या जोडलेल्या. जोड झाळायला, म्हणजे तापवून सांधायला, सोन्यात तांबं-पितळ मिसळायची पद्धत, सगळ्या सराफ्यात तीच. साठ मणी, साठ जोड. कस उतरणारच.

म्हणून त्यांनी मला कस तपासायला नेमलं. मी कॅडमियमचा जोड आणला. अहवाल दिला: 'जोडातील कॅडमियम तापवताना उडून जाते, त्यामुळे सोन्याचा कस घटत नाही.' शेटनी तो काचेत मढवून दुकानात लावला. वर मोठ्या अक्षरांत — जोडासकट बावीस कॅरेट. खाली माझी सही, पदवीसकट. पोराला इथे लातूरला क्लासला ठेवायचं म्हणून दागिना मोडायला आलेले आईबाप ते वाचतात आणि निवांत होतात.

उडून जाते. कुठे?

२४ सप्टेंबर

मोजलं. ऑगस्टमध्ये जोडासाठी दिलेलं कॅडमियम अठ्ठावीस ग्रॅम. तयार मालात उरलेलं सहाच्या आत. बाकी बावीस ग्रॅम हवेत. खोली दहा बाय बारा. मामा तोंडानं फुंकणी फुंकतात, नाक ज्योतीपासून वीतभर. पुढचा श्वास तिथूनच घेतात.

खिडकी एकच. पलीकडे क्लासचं अंगण, मामांची मुलगी उज्वला तिथेच बारावीचा क्लास करते. पोरांना धूर लागतो अशी क्लासच्या सरांची तक्रार आली, म्हणून जूनमध्ये खिडकीला खिळे ठोकले.

तेव्हापासून कारखान्यात वारा नाही. माझ्या वजनकाट्याच्या पेटीची काच तडकलेली आहे, तरी काटा स्थिर राहतो. तिसऱ्या दशांशापर्यंत भरवसा.

२५ सप्टेंबर

शेटना सांगितलं. आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"भार्गवीबाई, दसरा सोळा दिवसांवर आलाय."

"हो."

"मग काय, परत पितळ घालू? त्या बायांना काय सांगू?"

"जस्ताचा जोड करून बघता येईल. महिना लागेल."

"हे उडून जातं म्हणून तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच."

शेवटी म्हणाले, "पंखा लावतो."

पंखा! बंद खोलीत.

३० सप्टेंबर

मामा गावाकडे जाऊन आले. भूकंपाच्या ह्या तारखेला दरवर्षी जातात. दुपारून पाटावर हजर. दोन जिने चढताना तीनदा थांबले. मी खाली उभी राहून मोजत होते.

म्हटलं, "मामा, हा जोड सोडा. धूर विषारी आहे."

"का म्हणून सोडू?" फुंकणी खाली ठेवली. "आमच्या सिंधूच्या गळ्यातली बोरमाळ मीच घडवलेली. ती गेली, बोरमाळ तेवढी ढिगाऱ्यातनं निघाली. उज्वलासाठी मोडली. अठरा निघाली, म्याडम! घरच्या बाईला बावीस सांगून अठरा घातली मी. मला बी ठाव नव्हतं. आता कुणाला फसवत न्हाई. लई बरं वाटतं. ते सोडू व्हय?"

 

२ ऑक्टोबर

सुट्टी. मामांना बोलावून घेतलं, लघवीसाठी बाटली दिली. लाजले.

"म्याडम, एवढंच राहिलं होतं कसाला लावायचं!"

परीक्षानळीत आम्लाचे थेंब टाकले; मूत्रपिंडं बिघडली असली की नमुना ढगाळतो. ढगाळलं. दुसऱ्यांदा केलं. ढगाळलं. शेजारी माझं घेतलं होतं — स्वच्छ. माझं टेबल दाराशी आहे.

३ ऑक्टोबर

दोन्ही नळ्या शेटच्या समोर ठेवल्या. आज त्यांनी वाद घातला नाही. कॅडमियमचा डबा स्वतःच्या कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. अहवालाची काच उतरवली. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. दसऱ्याला बोरमाळ मिळणार नाही, जस्ताचा जोड जमेपर्यंत.

मामांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, झालंय ते मागे फिरणार नाही, पुढे जाऊ द्यायचं नाही.

४ ऑक्टोबर

खिडकी उघडायची म्हणून शेट क्लासच्या सरांकडे गेले. मी आणि मामा बरोबर. अंगणात दोनेकशे सायकली, शेट त्यांतून वाट काढत ओरडतच निघाले — "तुमच्या तक्रारीपायी आमचा माणूस गुदमरला!"

सर म्हणाले, "मी कधी तक्रार केली? वास यायचा, पण शेजार म्हणून बोललो नाही."

"मग जूनमध्ये निरोप कुणाचा होता?"

सर तेच तेच सांगत राहिले. कुणी विश्वास ठेवला नाही. मी काही बोलले नाही.

६ ऑक्टोबर

मामांनी उज्वलाचं नाव क्लासातून काढलं! "ज्यानं माझा दम कोंडला आन् वरून खोटं बोलतोय, त्याच्या हातानं पोर डॉक्टर न्हाई करायची."

उज्वला दुपारी कारखान्यात आली. पुस्तकं छातीशी धरलेली. "ताई, तुमचं ऐकतात ते. सांगा ना. सर खोटं बोलत नाहीत."

"बघते," म्हणाले. बघते!

७ ऑक्टोबर

तक्रार कुणीच केली नव्हती. वाऱ्यानं माझा काटा हलायचा. चौघा कारागिरांना उकाड्यात बसवून स्वतःसाठी खिडकी बंद करा म्हणायची मला लाज वाटली, म्हणून शेटना सरांचं नाव सांगितलं. ह्या वहीतही २४ तारखेला तेच लिहिलं.

आज सगळ्यांसमोर सांगितलं. शेट उठून बाहेर गेले. मामा म्हणाले, "पक्कड द्या."

मी दिली नाही. खिळे मीच उपसले. सहा होते. अंगणापलीकडच्या वर्गात बाकावर उज्वलाची जागा रिकामी होती. मामा चपला घालून तिला आणायला गेले, माझ्याशी न बोलता.

संध्याकाळपर्यंत काटा स्थिर झाला नाही. वजनं दुसऱ्या दशांशापर्यंतच लिहिली.