जोडव्याच्या बोटाला घर

रविवार, घनसावंगी

जिंकले! थंडीत टाचा फुटल्या तरी सासूबाई मोजे घालत नव्हत्या. जोडवी धाग्यात अडकतात, आणि जोडवी काढायची तर बातच नको. मला आधी का नाही सुचलं? टकळीवर कातलेल्या लोकरीचा मोजा विणला, त्यात जोडव्याच्या बोटाला वेगळं घर. एकच झाला होता, तरी तेवढाच घालून आज त्या माझ्यासोबत जालन्याच्या लोकर मेळ्याला आल्या.

मी लोकरीत हरवलेली. वळून बघते तर बायकांचा घोळका, मध्ये सासूबाई पाय पुढं करून: "बघा, जोडवं बिलकुल अडकत न्हाई. सुनेनं केलं."

परतताना जीपमध्ये मला म्हणतात, "दुसरा जल्दी विण. उघड्या पायाची लाज वाटून राह्यली."