पाणी काय काय उचलतं

१२ मार्च
उन्मेषचं आज पहिलं डायलिसिस. अकरावीला दरवर्षी शिकवते — पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन, म्हणून ते मिठाचा खडा फोडतं, विरघळवतं. फळ्यावर आकृती काढते आणि पुढच्या धड्याकडे वळते. आज यंत्रापाशी बसले तर समोर तेच! केसासारख्या नळ्यांतून त्याचं रक्त, नळ्यांबाहेर क्षार मिसळलेलं शुद्ध पाणी. युरिया तेवढा भिंतीतून पलीकडे पाण्यात जातो. रक्त आपल्या जागी. माझ्या नवऱ्याच्या अंगातलं विष पाणी नेऊन राहिलं होतं. मी नकळत हात जोडले. नर्स बघत होती. बघू दे.

२९ मार्च
लघवी जवळजवळ बंद, म्हणून त्याला पाणी मोजकंच. आणि ऊन नागपूरचं! गांधीबागेतलं दुकान बंद करून आला तेव्हा ओठ फुटलेले. जिभेवर बर्फाचा खडा ठेवला. बराच वेळ डोळे मिटून होता. मग म्हणाला, "पाण्याले चव असते, हर्षा. मले माहीतच नव्हतं."
मलाही.

८ एप्रिल
सासूबाई किडनी द्यायला निघाल्या होत्या. तपासणीत साखर निघाली, डॉक्टरांनी नाही म्हटलं. घरी आल्यापासून स्वतःलाच बोल लावत होत्या. मी म्हटलं, माझी तपासू. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. तर म्हणाल्या, "अन् तुले काही झालं तर वं?"
त्यांनी असं विचारावं!

२४ एप्रिल
जुळते.

२५ एप्रिल
उन्मेष नको म्हणतो. दिवसभर भांडण. जेवला नाही. मीही नाही.

१७ ऑगस्ट
उन्मेष शेवटी तयार झाला, परवानग्याही झाल्या. उद्या ऑपरेशन. भीती वाटते, खोटं कशाला लिहू.
दुपारी पडून वाचत होते. किडनी दिवसभर रक्तातलं पाणी गाळते, जवळजवळ सगळं परत देते. नको ते तेवढं उरलेल्या थोड्या पाण्यात विरघळवून बाहेर. मी झोपलेली असताना, वर्गावर असताना, भांडताना — हे आत चालूच होतं. मला न विचारता. पोटावर हात ठेवून किती वेळ पडून राहिले!

१९ ऑगस्ट
टाके ओढतात. सासूबाई आल्या, पलंगाशी वाकल्या, हळूच म्हणाल्या, "ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी झाली वं त्याले."