सगळ्यांना बसणारा पट्टा

२ ऑगस्ट
आज राजीनामा दिला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढली. लोक वर जात राहिले, मी तळमजल्यावर.

कारण एक लेख. उद्योजक होणं आणि लांब पल्ल्याचं धावणं सारखंच, असं त्यात लिहिलंय. दोन्हींत चिकाटी लागते, दोन्हींत सुरुवातीला कोणी टाळ्या वाजवत नाही, दोन्हींत दम जपून वापरावा लागतो. मला पुढचं सुचलं, ते लेखकालाही सुचलं नव्हतं. दोन्ही गोष्टी सारख्याच असतील, तर एकदम केल्या की मेहनत निम्मी.

म्हणून प्रॉडक्ट: धावणाऱ्यांसाठी कमरेचा पट्टा. पाण्याच्या दोन बाटल्या, मोबाइल, किल्ली, सगळं मावतं. आणि डिसेंबरची मॅरेथॉन तो पट्टा घालून मी स्वतः पळणार. जाहिरातीचा प्रश्न मिटला.

बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. तिने विचारलं, शेवटचा कधी धावला होतास. मी म्हणालो, शाळेत. तिने विचारलं, शर्यतीत की मार चुकवायला. उद्योजकाने नकारात्मक प्रश्नांत अडकू नये, असंही लेखात होतं.

५ ऑगस्ट, पहाटे
अलार्म वाजला. शरीराचं ऐकावं, असं सगळे जाणकार सांगतात. ऐकलं. झोपलो.

६ ऑगस्ट
धावलो! पेट्रोल पंपापर्यंत. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास म्हणे एक भिंत येते, पाय पुढे जायला तयार नसतात. माझी भिंत पंपाच्या अलीकडेच आली. म्हणजे ती मागे पडली, आता रस्ता मोकळा. येताना बसने आलो. बसमधल्या बाईंनी उठून जागा दिली. चेहऱ्यावर तेज आलं असावं.

१९ ऑगस्ट
मागच्या गल्लीतल्या बॅगवाल्याकडे गेलो. हा शाळेची दप्तरं शिवतो. सॅम्पल घालून पाहिलं. बकल पोटात रुतत होतं, काढून टाकायला सांगितलं. आता नुसतं जाड इलॅस्टिक. चड्डीसारखं पायातून वर चढवायचं. बिनबकलचा पट्टा बाजारात कोणाकडेच नाही. ही माझी आयडिया.

त्याने विचारलं, माप कुठलं. मी म्हणालो, सर्वसाधारण. तो म्हणाला, म्हणजे किती. मी दोन्ही हात वर केले आणि त्याला म्हणालो, घे माझं. मी सर्वसाधारण माणूस आहे असं आयुष्यभर सगळ्यांनी ऐकवलंय. त्याचा उपयोग आज पहिल्यांदा झाला. बॅगवाला टेप गुंडाळत म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. त्याचं कापड जास्त खपणार होतं, खूश होता. सगळा लॉट एकाच मापात. नोकरीतल्या फंडाची रक्कम कामी आली.

९ सप्टेंबर
तळ्याकाठी रोज सकाळी एक ग्रुप धावतो, त्यात सामील झालो. म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणतात. तो बँकेतून रिटायर झालाय, सैन्याशी काही संबंध नाही. सत्तरीला आलाय. गुडघे आता नको म्हणतात, डॉक्टर तर कधीपासून नको म्हणतात. ही मॅरेथॉन त्याची शेवटची, वर्षभर तयारी करतोय. पूर्ण करायची आणि बूट टांगून ठेवायचे, एवढंच त्याच्या डोक्यात आहे.

मी मागे पडलो तर कॅप्टन वेग कमी करून माझ्याबरोबर चालत आला. मी त्याला सोबत दिली. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं.

पट्टा ग्रुपमध्ये कोणालाही दाखवलेला नाही. आयडिया चोरीला जातात. थेट शर्यतीच्या दिवशी बाहेर काढायचा.

२१ ऑक्टोबर
माल आला. मुलीच्या खोलीत छतापर्यंत खोकी. ती आता जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते. बारावीचं वर्ष आहे, पण अडचणीत अभ्यास केलेली मुलंच पुढे येतात.

तिने एक पट्टा घालून पाहिला. तो तसाच खाली जाऊन घोट्याशी बसला. तिने विचारलं, बाबा, हा दोघांनी मिळून घालायचा का. तिला समजावलं की तू आमची ग्राहक नाहीस.

१३ नोव्हेंबर
जुन्या साहेबांचा फोन. माझ्या जागेवर अजून माणूस मिळालेला नाही. १५ डिसेंबरपर्यंत ते थांबायला तयार आहेत, मग मात्र जागा भरणार. मी कळवतो म्हणालो. मनात हसलो.

बायको हसली नाही. ती म्हणाली, होय म्हणून टाक. धंदा संध्याकाळी कर, पळायचं तर पहाटे पळ, तुला अडवलंय कोणी. पण आता घरात काही शिल्लक नाही, मला झोप लागत नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसून बोलत होती. एरवी ती असलं सगळं काम करता करता बोलते. मला जरा भीती वाटली. मग आठवलं की लेखात कुटुंबाच्या विरोधावर अख्खा परिच्छेद होता. सगळं बरोबर चाललंय. शर्यत १४ तारखेला. त्या दिवशी इतक्या ऑर्डरी येतील की १५ तारखेला साहेबांना नाही म्हणताना वाईट वाटेल.

२ डिसेंबर
शर्यतीआधी पोटभर खाऊन ताकद साठवायची असते. मी ऑगस्टपासून साठवतोय. तयारीत कुठे कसूर नको.

आजही पंपापर्यंतच. पण आता पंपावरची माणसं ओळखतात.

१३ डिसेंबर
ग्रुपला उद्या पट्टे फुकट देणार असल्याचं जाहीर केलं. सगळे कॅप्टनकडे बघायला लागले. शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काही चढवायचं नाही, मोजासुद्धा नाही, हा कॅप्टनचाच नियम. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांना म्हणाला, अरे, नोकरी सोडून बसलाय तो. घालू या एक दिवस.

दया आणि मार्केट यांतला फरक कॅप्टनला कळत नाही. उद्या कळेल.

१४ डिसेंबर
सुरुवातीला छान दिसलं. सगळ्यांच्या कमरेला माझा पट्टा. डोळे भरून आले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

शिट्टी झाली. पहिल्या वळणाआधीच पट्टे खाली यायला लागले. धावणारी माणसं बारीक असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाटल्यांच्या वजनाने पट्टे मांड्यांवर, मांड्यांवरून गुडघ्यांवर. दोघांनी वेळीच पायांतून काढून फेकून दिले. एक जण पट्टा हातात धरून लंगडी घातल्यासारखा पळत होता. मागून येणारे लोक बाटल्या चुकवत उड्या मारत होते.

माझा पट्टा जागेवर होता. सगळ्या शर्यतीत एकट्या माझा.

वळणापुढे गर्दी दिसली. कॅप्टन फूटपाथवर बसला होता, पट्टा दोन्ही पायांत अडकलेला. गुडघा फुटला होता, रक्त बुटापर्यंत. तो पट्टा सोडवायला बघत होता, पण तो निघत नव्हता. मी खाली बसून ओढला. इलॅस्टिक चांगलं आहे, तुटत नाही. शेवटी स्वयंसेवकाने कात्री आणली.

कॅप्टन रस्त्याकडे बघत होता. लोक पुढे जात होते. मग त्याने एवढंच विचारलं, तू कशाला थांबलास, जा की. मी म्हणालो, तुम्हाला सोडून कसा जाऊ.

म्हणजे माझी मॅरेथॉन कॅप्टनमुळे राहिली. माणुसकीपुढे शर्यत काय. तसं गुडघ्यांमुळे मला उभं राहायलाही जमत नव्हतं, पण तो वेगळा विषय.

ऑर्डर एकही नाही. बाजार अजून तयार नाही.

१५ डिसेंबर, दुपार
साहेबांना फोन करायचं ठरवलं. हार म्हणून नव्हे. मधली विश्रांती. मात्र जुन्या पगारावर नाही, आता मी फाउंडर आहे. खिडकीजवळची जागा मागायची. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

१५ डिसेंबर, संध्याकाळ
फोन केला. साहेब म्हणाले, जागा कालच भरली. मी म्हणालो, आज पंधरा आहे, तुम्ही शब्द दिला होता. ते म्हणाले, अहो, तुमच्या मिसेसच आल्या होत्या गेल्या आठवड्यात. लग्नाआधी अकाउंट्स करायच्या म्हणे. दोनदा बोलावलं, हिशेबात पक्क्या आहेत. काल त्यांनी होकार कळवला. घरी बोलला नाहीत का तुम्ही?

बोललो आहोत, असं म्हणालो.

बायको स्वयंपाकघरात होती. विचारलं तर म्हणाली, तू हरून येशील तेव्हा सांगू, की जिंकून येशील तेव्हा, ते ठरेना. मग कालचं झालं. तुला गुडघ्याचंच बोलायचं होतं, तेही कॅप्टनच्या नव्हे, स्वतःच्या.

मी म्हणालो, अभिनंदन. मनापासून म्हणालो. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसलो. लाज वाटली. लेखात याच्यावर काही नव्हतं.

१६ डिसेंबर
आज तिचा पहिला दिवस. तिने मुलीच्या खोलीतली दोन खोकी सरकवून कपाटातून आपली जुनी पर्स काढली. मी पटकन बूट चढवले, म्हटलं, चल, स्टॉपपर्यंत सोडायला येतो, तेवढंच पाय मोकळे होतील.

ती म्हणाली, नको, उशीर झालाय, मला भरभर चालावं लागेल. तुला जमणार नाही.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.