जेवायच्या हाताला वळ

८ एप्रिल, मंगळवार
डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज निकाल दिला. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं गेलंय, ते परत येत नाही म्हणे. उजवा थेंबांवर टिकवायचा. आणि स्कूटर बंद, आजपासून. मी म्हटलं, डॉक्टर, उभा जन्म एसटी चालवली, कुणाला खरचटलं नाही. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय काका, आता रेकॉर्ड खराब करू नका." राग आला, पण माणूस बोलला ते खरं.
घरी येऊन चावी सौ.कडे दिली. तिनं ती डाळीच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.
माझं काय, मी पायी फिरेन. नंदाला केंद्रात कोण सोडणार?

११ एप्रिल, शुक्रवार
नंदा सकाळपासून चपला घालून दारात बसली होती. डब्याची पिशवी मांडीवर. दुपारी डबा तिथंच बसून खाल्ला, परत पिशवी मांडीवर. पोरगी एकोणतीस वर्षांची. सर्टिफिकेटवर लिहिलंय की बुद्धी सात-आठ वर्षांच्या मुलीइतकी. लिहिणाऱ्यानं तिच्याबरोबर एक दिवस काढायला हवा होता.
अशोक स्तंभाजवळच्या केंद्रात तिच्यासारखी मुलं चिवड्याची पाकिटं भरतात. पाकिटाचं तोंड मशीनवर बंद करायचं काम नंदाचं. तिचं एकही पाकीट उसवून परत आलेलं नाही. करोनात केंद्र बंद होतं तेव्हा ही बोलायचीच थांबली होती. नुसती भिंतीकडे तोंड करून बसायची. ते दिवस परत नकोत. बाकी काहीही चालेल.
मी बसनं नेईन, पण हे डोळे किती दिवस पुरणार? सौ.चे गुडघे बसची पायरी चढत नाहीत. रिक्षात एकटीला बसवायला तिचा जीव होत नाही, माझाही होत नाही.

१६ एप्रिल, बुधवार
केंद्राच्या शुभांगीताई घरी आल्या. म्हणाल्या, नंदा एकटी येईल, बसनं. सौ.च्या हातातला चहा सांडला.
त्यांनी मोबाइलमधली एक गोष्ट दाखवली. नंदासारख्यांसाठीच केलेली. नकाशा नाही, निळ्या रेघा नाहीत. एका वेळी एकच फोटो, एकच वाक्य. 'इथपर्यंत चाल.' तसाच कोपरा समोर दिसला की हिरवं बटण दाबायचं, मग पुढचा फोटो. बटण दाबेल तसा आमच्या मोबाइलवरचा ठिपका पुढे सरकतो. लाल बटण दाबलं की मला फोन. फोटो आपण काढायचे, आवाजही आपलाच भरायचा, कारण ओळखीच्या आवाजाला पोरं घाबरत नाहीत.
एकच नियम सांगितला. "खूण अशी घ्या काका, जी उठून जाणार नाही. गाय नको, हातगाडी नको, माणूस नको."
सौ. म्हणाली, "काय गरज हाय? राहू द्या की घरी. माणसाचं काम मोबाइलवर टाकायचं व्हय?" मला स्वतःला तिचं पटत होतं. पण नंदानं तेवढ्यात मोबाइल घेऊन हिरवं बटण शोधलंसुद्धा.

२१ एप्रिल, सोमवार
सकाळभर नंदाला घेऊन फोटो काढले. आमच्या पंचवटीतल्या गल्लीपासून निमाणीच्या बस स्टॉपपर्यंत, मग अशोक स्तंभाला उतरून केंद्रापर्यंत. शेवटच्या वळणावर रसवंती आहे, हिरवी ताडपत्री लांबून दिसते, घुंगरं ऐकू येतात. यापेक्षा चांगली खूण कुठली! तीच घेतली. एसटीवाल्याला खुणा शिकवायच्या नसतात.
संध्याकाळी सौ.ला सगळे फोटो ओळीनं दाखवले. तिनं बघितले आणि हसायलाच लागली. "अहो, निमाणी हितं नाकासमोर हाय. तुम्ही तिला मागच्या अंगानं फिरवून का नेताय?" बघतो तर खरंच. वन-वे आहे म्हणून मी गाडीच्या रस्त्यानं गेलो होतो. चालणाऱ्याला कसला वन-वे! "पोरीला एसटी समजलात काय?"
अर्धे फोटो उद्या परत.

२८ एप्रिल, सोमवार
आज नंदा पुढं, मी मागं. फोटोंच्या बाबतीत चूक नाही. कोपरा आला की थांबते, फोटोकडे बघते, कोपऱ्याकडे बघते, परत फोटोकडे. नोट खरी की खोटी बघणाऱ्या वाण्यासारखी. पण वळण आलं की गडबड. डावं-उजवं तिला लहानपणापासून कळत नाही. म्हणून मी आवाज भरताना आमच्या घरातली भाषा वापरली होती. उजवा म्हणजे जेवायचा हात. डावा म्हणजे घड्याळाचा हात. 'जेवायच्या हाताला वळ.'
ती थांबली, खोटा घास तोंडाशी नेला आणि डावीकडे चालू लागली! दुसऱ्या वळणालाही तेच. मला कळेना. मग दिसलं. मोबाइल उजव्या हातात धरलेला. तो हात अडकलेला, म्हणून मोकळ्या हातानं घास घेतला. तिचं काय चुकलं? घास तर मोकळ्या हातानंच घेणार माणूस.
घरी येऊन मोबाइलला पट्टा लावला आणि गळ्यात अडकवला. आता दोन्ही हात मोकळे. आरशासमोर उभी राहून बघत होती. "कंडक्टर," म्हणाली.

६ मे, मंगळवार
बसमध्ये आज कमाल. उतरायच्या आधीचं वाक्य मी कंडक्टरच्या थाटात भरलंय: 'चला, अशोक स्तंभवाले पुढे या.' नंदाला मोबाइलमधलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायची सवय. स्टॉप जवळ आला तशी ही उभी राहिली आणि भरल्या बसमध्ये खणखणीत म्हणाली, "चला, अशोक स्तंभवाले पुढे या!" आणि लोक उठले की! चार-सहा जण पिशव्या सावरत पुढे. खरा कंडक्टर मागून बघत राहिला. मला म्हणाला, "काका, उद्यापासून यांनाच पाठवा, मला रजा."
मी खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. घरी सौ.ला सांगितलं, तीही हसली, आणि लगेच, "हसताय काय, कुणी टिंगल केली म्हंजे?" केली नाही कुणी. पण करतीलही. ते मोबाइलमध्ये कसं भरायचं, माहीत नाही.

१५ मे, गुरुवार
आता मी बरंच अंतर ठेवून मागं असतो. तिला ठाऊक नाही अशा बेतानं. आज रविवार कारंजाच्या चौकात बस अडकली तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत शांत बसली होती. मी मागच्या सीटवर घामाघूम. केंद्राच्या दारात गेली, वळली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुमच्या चपला वाजतात."
म्हणजे रोजच ठाऊक होतं. माझं समाधान व्हावं म्हणून गप्प होती. मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय.

२ जून, सोमवार
आज एकटी.
सौ. देवापुढं बसली ती उठलीच नाही. मी मोबाइल घेऊन ओट्यावर. एवढा बारीक ठिपका मला नीट दिसत नाही, म्हणून दर थोड्या वेळानं आत जाऊन तिलाच दाखवायचा. ती डोळे न उघडता विचारायची, "कुठं हाय?" अगं, मग डोळे उघड की! बघून तीच सांगायची. निमाणी. मग बस. मग अशोक स्तंभ. मग रसवंती. मग शुभांगीताईंचा फोन, "काका, आली. मशीनवर बसलीसुद्धा."
रडलो. चांगला हुंदका देऊन रडलो, लपवायचं कशाला. घाटात दरड कोसळताना गाडी मागं घेतली होती एकदा, तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आज आलं. या पोरीचं मला कौतुक वाटतं. दया नाही, कौतुक. हे आधी कधी लिहिलेलं नाही म्हणून लिहून ठेवतो.

११ जून, बुधवार
ठिपका रसवंतीच्या आधी थांबला तो हलेना. लाल बटणाचा फोन नाही. केंद्रात फोन लावला, कुणी उचलेना. रिक्षा करून धावलो. कोपऱ्यावर उतरलो. रसवंतीच नाही! ताडपत्री नाही, चाक नाही, नुसता चिखल. पाऊस लागला, उसाचं काम संपलं, माणूस सगळं गुंडाळून गावी गेला. दरसाल जातोच. मला कळायला नको? नंदा कुठंच दिसेना. डाव्या बाजूनं एक मोटारसायकल आली, दिसलीच नाही, थोडक्यात वाचलो.
कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते, तिला विचारलं. ती म्हणाली, "गळ्यात मोबाइलवाली व्हय? आली हुती की. रसवंती कुठंय म्हनली. म्या म्हनलं, उठली बाई, पाऊस आला. तर म्हनती, 'मग वळू कुठं?' म्हनलं, तुला जायचं कुठं? तर ह्यो फोटो दाखवला. म्हनलं, अगं हितंच हुती ती, हितंच वळ. तर लय हुशार हो तुमची पोरगी, पहिल्यांदा तोंडात घास घातला आन् मगच वळली."
केंद्रात गेलो तर बाईसाहेब मशीनवर. ठिपका का हलला नाही? कारण तिनं हिरवं बटण दाबलंच नाही. म्हणाली, "फोटो खोटा होता. खोट्याला हिरवं नाही दाबायचं." मग लाल का नाही दाबलं? "मी हरवले नव्हते."
आणि माझी समजूत काढल्यासारखं, हळूच, "रसवंती उठली बाबा. मोबाइलला माहीत नाही."
नियम शुभांगीताईंनी आधीच सांगितला होता. नवी खूण म्हणून विजेची डीपी घेतली. ती उठून जाणार नाही, निदान माझ्या हयातीत.

२८ जून, शनिवार
केंद्राला सुट्टी. माझी डोळ्यांची तपासणी. दवाखाना केंद्राच्या पुढच्याच गल्लीत. सौ. म्हणाली, शेजाऱ्याला बरोबर न्या. नंदा म्हणाली, "मी नेते." तिनं चपला आधीच घातल्या होत्या.
डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं प्रेशरही वाढलंय. थेंब बदलून दिले. ऑपरेशनचं पुढच्या वेळी ठरवू. मी विचारलं, राहील ना तो डोळा? म्हणाले, "प्रयत्न करू." आम्हीही गाडी घाटात बंद पडली की प्रवाशांना हेच सांगायचो.
बुबुळं मोठी करायचे थेंब घातले होते. बाहेर आलो तर सगळं पांढरं. माणसं, रिक्षा, पाट्या, सगळी एकमेकांत विरघळलेली. दवाखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो. मागून हॉर्न. ज्या शहरात जन्म काढला तिथं मला वळायचं कुठं ते समजेना. नंदाला विचारलं, "कुठल्या हाताला गं?" ती म्हणाली, "जेवायच्या." तेही डोक्यात शिरेना. हात कुठला, रस्ता कुठला, नुसते हॉर्न.
मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, घास घ्या."
भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत, मी खोटा घास तोंडाशी नेला. आणि वळलो. बरोबर वळलो.
बसमध्ये तिनं मला खिडकीशी बसवलं. "निमाणीवाले पुढे या," हे आज माझ्या एकट्यासाठी, कानाशी म्हणाली.
घरी सौ.नं विचारलं, कसं झालं? मी डोळ्याबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, ड्रायव्हर चांगला मिळाला.

४ जुलै, शुक्रवार
कुंभमेळ्याची कामं आमच्या तोंडाशी आली. सोमवारपासून गल्लीपुढचा रस्ता खोदणार, निमाणीचा स्टॉप थोडे दिवस पलीकडे. म्हणजे फोटो परत, वाट परत. माझ्यानं मोबाइलमधलं आता धड दिसत नाही. शुभांगीताई म्हणाल्या, मी येते रविवारी. नंदा म्हणाली, "मी काढते."
काढले. पुष्कळ चांगले आलेत म्हणते सौ. एकात नुसतं आकाश, एकात तिचंच पाऊल. आवाजही तिनंच भरला. ऐकताना मजा वाटते, माझ्याच थाटात बोलते.
शेवटचा फोटो घरी यायच्या वाटेवरचा, गल्लीच्या कोपऱ्याचा. सौ.नं सांगितलं त्यात काय आहे ते. कडेला नंदाचं अर्धं बोट, आणि बाकी सगळा मी. ती फोटो काढेपर्यंत मी तिथं उभा होतो ना. त्यावर तिचा आवाज, 'बाबा दिसले की जेवायच्या हाताला वळ.'
म्हटलं, नंदा, ताईंचा नियम आहे, खूण उठून जाणारी नको. हा फोटो चालणार नाही. मी काय जन्मभर तिथं उभा राहणार आहे का?
तिनं जरा विचार केला. "मग उठू नका," म्हणाली, आणि जेवायला बसली.
फोटो काढून टाकायला हवा. सौ.ला दोनदा सांगितलं, तिचा हात होत नाही. परवा ताई येतील, तेव्हा बघू.