मशीनच्या पाठीवरचा पंजा

४ जून
लेथ मशीन विकायचं ठरलं. गिऱ्हाईक अठराला बघायला येणार. कारखाना बंद, तोवर मशीनला गंज चढता कामा नये. याच मशीननं थोरल्या भावाचं मधलं बोट खाल्लं, आणि याच्याच वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं. जाईल तर सुटेन.

जावईबापू कमरेवर हात ठेवून उभे. "बाबा, प्लास्टिकात घट्ट गुंडाळा. हवाच लागली नाही तर गंज येणार कुठून?" शिकलेला माणूस. गुंडाळलं.

९ जून
प्लास्टिक सोडलं. आत मशीनला दरदरून घाम! "आमच्या कंपनीत असंच करतात," जावईबापू. करत असतील, कंपनी परक्याची असते.

सगळं कोरडं केलं, तेलाचा हात दिला, वर सुती चादर, खाली मिणमिणता बल्ब — ऊब राहिली की ओल धरत नाही. बायको दारातून बघत होती. "माझ्या बाळंतपणात एवढी शेकशेगडी झाली नव्हती."

१२ जून
मशीन आरशासारखं, आणि पाठीवर मधोमध तांबूस डाग — कुणीतरी तेल पुसून हात टेकलेला. काहींचा घामच तसला, हात लागला की लोखंड तांबारतं. जावईबापूंना म्हटलं, "हात खिशात ठेवत जा, पगार तसाही त्याचाच मिळतो." रुसले. लगेच मुलीचा फोन — "बाबा, काय बोललात यांना?"
डाग घासून काढला.

१५ जून
जावईबापू परगावी. शांतता.

१६ जून
पुन्हा डाग! या खेपेला स्वच्छ उमटलेला. अंगठा, तीन बोटं, आणि मधल्याच्या जागी थोटूक.

बायकोला विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "किल्ली मीच देते त्यांना. मशीन जाणार कळल्यापासून येतात. स्टूल ओढून बसतात, हात ठेवून. चहासुद्धा घेत नाहीत."
"मला सांगायचं नाही?"
"सांगितलं असतं तर कुलूप बदललं असतंत."
बदललं असतं.

१८ जून
डाग घासला नव्हता. गिऱ्हाईकानं नखानं खरवडून पाहिलं. "शेठ, हे तर गंजलंय."
"हो ना," म्हटलं, "कशाला नेता?"
जावईबापूंना फोन करायचा राहिलाय. आधी आत दुसरं स्टूल नेऊन ठेवलं.